गाभण म्हशीच्या चालीनं

हौसाआत्या गाड्यांचा वेग किलोमीटरमध्ये मोजत नाही. तिची स्वतःची मापं आहेत. सगळ्यात सावकाश म्हणजे गाभण म्हैस. तिच्याहून जरा वेगात, डोक्यावर हंडा घेतलेली बाई. तिच्या पुढे शाळा सुटल्यावरची पोरं, मग चुलीवर उतू जाणारं दूध, आणि सगळ्यात शेवटी बगळा. "बगला उडायच्या आत गारी गेली," असं हौसाआत्या म्हणाली की समजायचं, त्या ड्रायव्हरला तिच्या मते थेट तुरुंगात टाकायला हवं. तिच्या बोलीत गाडीची गारी होते आणि बगळ्याचा बगला.

हे सगळं मला पाठ आहे, कारण ते अर्जात टाइप करायचं काम माझ्याकडे होतं.

काशीगावात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म. मी मूळची रत्नागिरीकडची, लग्न होऊन इकडे आले. दुकान रस्त्याला लागून. समोरून काँक्रीटचा रुंद रस्ता हायवेकडे जातो आणि पलीकडे बिल्डिंगांच्या मागून डोंगराची निळी कड दिसते. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी त्या कडेकडे बघत बसते. अशाच एका दुपारी हौसाआत्या दुकानात आली. सत्तरीची, काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात काळी छत्री. छत्री उन्हासाठी नव्हती, कारण ती मिटलेलीच होती.

"मना तकरार लिवायची हाय," ती म्हणाली.

मी अहो-जाहो करत विचारपूस सुरू केली, तर तिनं लगेच थांबवलं. "अहो म्हनलंस की मना वाटतं मागं कोन तरी उभं हाय. अगं म्हन." तेव्हापासून मी अगं म्हणते. ती मात्र मला नावानं हाक मारत नाही. "ए रत्नाग्री" म्हणते.

महापालिकेचं तक्रारींचं एक पोर्टल आहे. त्यात आधी प्रकार निवडावा लागतो. खड्डे, दिवाबत्ती, कचरा, मोकाट कुत्री, इतर. मी आत्याला विचारलं, तक्रार कसली आहे, खड्ड्यांची का? ती म्हणाली, उलट आहे. खड्डे होते तोवर सगळी माणसं नीट जात होती. रस्ता गुळगुळीत झाला आणि सगळ्यांना पंख फुटले. खड्डे नसल्याची तक्रार करायची सोय पोर्टलवर नव्हती. मी 'इतर' निवडलं.

पुढचा रकाना ठिकाणाचा. आत्यानं सांगितलं, "आमच्या मोठ्या शेतात, उंबराच्या बांधाजवल."

मी बाहेर बघितलं. समोर मेडिकल होतं, त्याच्या बाजूला एटीएम, पुढे मोबाइलवाला. शेत कुठे, असं विचारल्यावर आत्यानं छत्रीच्या टोकानं रस्ता दाखवला. रस्त्यावर एक टेम्पो उभा होता. "त्याच्या खाली हाय," ती म्हणाली. मग तिनं सगळंच दाखवलं. मेडिकल म्हणजे उंबराचा बांध. एटीएमच्या जागी पाण्याचं दार होतं, तिथून खालच्या खाचरात पाणी सोडायचे. रिक्षा स्टँड म्हणजे खळं. तिच्या सासरच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तिथे भात लावला होता. शेत गेलं, रस्ता आला, पण आत्याच्या डोक्यात कुणी रस्ता ओतलाच नव्हता. ती भाजी आणायला निघाली तरी "बांधावरनं जाऊन येते" म्हणायची.

रागानं म्हणायची का? अजिबात नाही. मला वाटतं, तिला ते खरंच दिसत असावं. उन्हाळ्याच्या दुपारी लांबून तो रस्ता पाण्यानं भरल्यासारखा चकाकतो. बघावं तिथवर पाणी, आणि त्यात रिक्षा उलट्या तरंगतायत. आत्या बघत राहायची आणि मध्येच म्हणायची, लावणीला एवढंच पाणी लागतं बघ, पोटरीभर. मीही बघायचे. मलाही क्षणभर हिरवा रंग दिसल्यासारखं व्हायचं. मग ते पाणी फाडत एक मोटरसायकल यायची.

तर पहिला अर्ज असा गेला: सदर ठिकाणी वाहने बगळ्याच्या वेगाने जात असून ती गाभण म्हशीच्या चालीने जावीत अशी व्यवस्था करावी, व तसा बोर्ड लावावा. मी किलोमीटर टाकू का म्हणून दोनदा विचारलं. आत्या म्हणाली, ऑफिसात बसणाऱ्यांच्या आयांनी म्हशी बघितल्या असतील, त्यांना समजेल.

आठ दिवसांनी माझ्या मोबाइलवर मेसेज आला. नंबर माझाच दिला होता, आत्याकडे फोन नव्हता. मी वाचून दाखवलं, 'आपली तक्रार पुढील विभागाकडे वर्ग करण्यात आली आहे.'

आत्याचा चेहरा खुलला. "कुठच्या वर्गात गेली?"

मी समजावलं, की वर्ग केली म्हणजे दुसऱ्या टेबलावर पाठवली. पण तिला ते पटलं नाही. ती स्वतः दुसरीपर्यंत शिकली होती आणि वर्ग एकाच प्रकारचा असतो यावर ठाम होती. पंधरा दिवसांनी तक्रार पुन्हा वर्ग झाली. मग पुन्हा. रस्त्याकडून वाहतुकीकडे, वाहतुकीकडून फलकांकडे. प्रत्येक मेसेजला आत्या आनंदानं मान हलवायची. माझी तक्रार चौथीत गेली, असं तिनं भाजीवालीला सांगितलं. भाजीवाली उत्तरेकडची, तिला वाटलं नात चौथीत गेली. तिनं कोथिंबिरीची जुडी जास्तीची दिली.

मला मात्र त्या तक्रारीची काळजी वाटायला लागली होती, कारण आत्या रोज येत होती. बरोब्बर पावणेचारला. दुकानाच्या पायरीवर दहा मिनिटं बसायची, मग उठून रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहायची. मिटलेली छत्री काठीसारखी धरून. गाड्या जायच्या, आत्या पुटपुटायची, दूध, दूध, पोरं, दूध, बगला. साडेचार-पाचला घरी. मधली पाच-दहा मिनिटं ती कुठेतरी दिसेनाशी व्हायची, पण त्याच वेळी माझ्याकडे शाळेच्या पोरांची प्रोजेक्टची गर्दी असते, त्यामुळे मी कधी लक्ष दिलं नाही. म्हातारं माणूस, वेळ जात नसेल, असं मी धरून चालले. आपण म्हाताऱ्या माणसांबद्दल नेहमी हेच धरून चालतो.

पाचवीत गेल्यावर तक्रार तिथेच राहिली. महिना झाला, मेसेज नाही. मग एका सकाळी दुकान बंद ठेवून मी आत्याला घेऊन महापालिकेच्या ऑफिसात गेले. आत्यानं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि केसांत अबोली माळली होती. खिडकीपाशी एक चष्मेवाली बाई होती. तिनं नंबर टाकला, अर्ज उघडला आणि वाचता वाचता थांबली. मला वाटलं आता हसणार. ती हसली नाही. तिनं विचारलं, "आजी, या ठिकाणी आजवर काही अपघात झालाय का? इथे नोंद लागते."

"न्हाय झाला," आत्या म्हणाली. "म्हनून तर आलेय."

मागे रांग होती, कोणीतरी घड्याळात बघत होतं. मग तिनं पेन घेऊन आमच्या कागदाच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं आणि कागद स्वतः उचलून आत नेला. परत आल्यावर म्हणाली, पाहणीला माणूस पाठवतायत. वेळ कुठली ठेवू? आत्या म्हणाली, चारची. दुसरी कुठलीही चालणार नाही.

पाहणीला एक तरुण इंजिनिअर आला. सोबत वाहतुकीचे हवालदार, त्यांच्याकडे गाड्यांचा वेग मोजायचं यंत्र. आत्यानं घरून प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या आणि थर्मासमधून कोरा चहा आणला होता. सुरुवातीला हवालदार जरा वैतागलेले दिसले. पण मग गंमत सुरू झाली. ते यंत्र रोखायचे आणि आकडा दिसायच्या आधी आत्या म्हणायची, "दूध." आकडा यायचा, साठ. पुढची गाडी, पुन्हा "दूध." अठ्ठावन्न. रिक्षा आली, आत्या म्हणाली, "पोरं." चाळीस. मग पांढरी गाडी, "बगला." हवालदारांनी यंत्र बघितलं आणि बघतच राहिले. ब्याऐंशी.

इंजिनिअरनं वहीत उभी रेघ मारली. एका बाजूला आकडे लिहिले, दुसऱ्या बाजूला दूध, पोरं, बगळा. दहा मिनिटांत पानभर नोंदी झाल्या आणि आत्या एकदाही चुकली नाही. त्यानं अगदी गंभीरपणे विचारलं, "आजी, मग गाभण म्हैस म्हणजे किती धरू? वीस?" आत्यानं डोळे मिटून विचार केला. म्हैस आतल्या आत चालवून बघत असावी. म्हणाली, "वीस जरा जास्ती हाय. पन धर."

आणि त्याच वेळी आत्याचं लक्ष समोर गेलं. तिनं हातातला चहा खाली ठेवला.

पलीकडच्या बिल्डिंगच्या गेटमधून एक म्हातारी बाहेर पडली होती. आत्याच्याच वयाची, अंगानं बारीक, पायात चप्पल नाही. डोक्यावर तिनं एक हात धरला होता, जणू वर टोपली आहे. ती इकडे बघत नव्हती, तिकडे बघत नव्हती. ज्या संथपणे माणूस आपल्या बांधावरून चालतं, तशी ती सरळ रस्त्यात उतरली.

मी किंचाळले असेन, मला आठवत नाही. आठवते ती आत्या. नऊवारीतली सत्तर वर्षांची बाई रस्त्याच्या मधोमध चालत गेली आणि तिनं ती काळी छत्री फाटकन उघडून दोन्ही हातांनी आडवी धरली. टेम्पोचे ब्रेक वाजले. एक मोटरसायकल तिरकी होऊन थांबली. मागे हॉर्न, शिव्या, हिंदीत, गुजरातीत. आत्यानं तिकडे बघितलंही नाही. ती त्या म्हातारीपाशी गेली, तिच्या दंडाला धरून तिला काहीतरी सांगितलं. म्हातारीनं मान डोलावली, वळली, आणि दोघी हळूहळू गेटकडे परत गेल्या. आत्यानं तिला आत सोडलं, छत्री मिटली आणि रस्ता ओलांडून परत आमच्यात येऊन उभी राहिली.

"रोज येते," ती म्हणाली. "चार वाजले की येते."

इंजिनिअरची वही बंद झाली होती. हवालदारांनी तिला खुर्ची दिली. त्या दिवशी आत्यानं जे सांगितलं ते असं.

ती म्हातारी म्हणजे तिची जाऊ, चांगुणा. दोघी एकाच मांडवात सून होऊन आल्या. हौसा चेण्याहून, चांगुणा समुद्राकाठच्या पालीच्या बाजूनं. हौसाला शेतातलं सगळं येत होतं, चांगुणाला लावणी माहीत नव्हती. हौसानं तिला शिकवलं. पुढे वीस-पंचवीस वर्षं ठरलेलं होतं, हौसा सकाळपासून शेतात आणि चांगुणा घरचं आवरून चार वाजता टोपलीतून चहा-भाकर घेऊन शेतावर यायची. मग कुटुंबं वेगळी झाली, शेत गेलं, चांगुणा मुलाकडे पलीकडच्या बिल्डिंगमध्ये राहायला गेली. तीन वर्षांपूर्वी तिला विसर पडायला लागला. बाकी सगळं गेलं, चार वाजता शेतावर चहा न्यायचा एवढं राहिलं.

मुलगा आणि सून कामाला जातात. सांभाळायला बाई आहे, पण तिचा डोळा लागतो. एकदा चांगुणा रस्त्याच्या मध्यापर्यंत आली होती. त्यानंतर मुलानं बाहेरून कडी लावायला सुरुवात केली. मुलगा वाईट नाही, आत्या दोनदा म्हणाली, घाबरलाय. पण कडी लावल्यावर चांगुणा दारावर हात आपटून रडायची, की शेतावर माणसं उपाशी आहेत. तो आवाज खाली गेटपर्यंत यायचा.

"मी त्याला बोलले, कोंडू नकोस तिला," आत्या म्हणाली. "चार वाजता मी उभी हाय. पन मी तरी किती दिवस उभी राहनार?"

रोज मध्ये जाऊन ती चांगुणाला काय सांगते, असं हवालदारांनी विचारलं. आत्या थोडी लाजली. म्हणाली, सांगते की भाकर अजून भाजून झाली नाही, परत जा आणि घेऊन ये. चांगुणा निमूट परत जाते. कामाला कधीच चुकार नव्हती ती.

इंजिनिअरनं टेप काढली आणि गेटपासून माझ्या पायरीपर्यंतचं अंतर मोजलं. टेप धरायला वाकला तो बराच वेळ वाकलेलाच राहिला.

बोर्ड लगेच लागला नाही. लागतो कुठे लगेच? पण दर आठवड्याला मेसेज यायचा आणि आता त्यात 'वर्ग' नसायचं, 'मंजूर' असायचं. मग एका सकाळी रंगवाले आले आणि गेटसमोर पांढरे पट्टे ओढून गेले. पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना गतिरोधक आले. शेवटी बोर्ड आला, खांबावर गोल, लाल कडेचा, मध्ये वीस. आत्या खाली उभी राहून मान वर करून बघत होती. मला वाटलं आता डोळे पुसेल. ती म्हणाली, ताट छान आहे, पण म्हशीचं चित्र काढलं असतं तर लवकर समजलं असतं.

चौथ्या दिवशी बोर्ड नाहीसा झाला. म्हणजे होता तिथेच, पण त्याच्यावर कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा भला मोठा फ्लेक्स लागला होता. भाऊ हात जोडून हसत होते. मी म्हटलं, पोर्टलवर टाकू या. आत्या म्हणाली, हा वर्ग करायचा विषय नाही. ती सरळ भाऊंच्या ऑफिसात गेली. भाऊ गावचेच होते, त्यांच्या आजीला आत्या ओळखत होती. तिनं एवढंच सांगितलं, "तुझ्या तोंडाच्या मागं वीस लपलाय रे." दुपारपर्यंत फ्लेक्स उतरला होता.

त्यानंतरच्या सोमवारची गोष्ट. पावणेचारला आत्या आली, पण पायरीवर बसली नाही. म्हणाली, ए रत्नाग्री, आज तू पन ये. मी एका पोराचं प्रोजेक्ट अर्धवट प्रिंट करून बाहेर आले. आम्ही दोघी पट्ट्यांच्या अलीकडच्या टोकाला उभ्या राहिलो. ऊन उतरत होतं. डोंगराकडून वारा सुटला होता आणि रस्ता पुन्हा पाण्यासारखा हलत होता.

गेट उघडलं. चांगुणाबाई आल्या, डोक्यावर हात धरून. मी पुढे निघाले, तर आत्यानं मला मनगटाला धरून थांबवलं. ती स्वतःही हलली नाही. तिची बोटं माझ्या मनगटात रुतली होती.

पहिला गतिरोधक आला तसा टेम्पो मंदावला. मागची रिक्षा थांबली. मोटरसायकलवाल्यानं पाय टेकला. कोणी हॉर्न वाजवला नाही. चांगुणाबाई पांढऱ्या पट्ट्यांवरून येत राहिल्या, पाऊल जपून टाकत, चिखलात टाकावं तसं. मध्यावर आल्या. मध्याच्या पुढे आल्या. तीन वर्षांत ज्या जागेच्या पुढे त्यांना कोणी येऊ दिलं नव्हतं, ती जागा मागे पडली. गाड्या उभ्याच होत्या. इतकी शांतता होती, की त्यांच्या अनवाणी पावलांचा आवाज मला ऐकू आला, असं मला अजून वाटतं.

त्या अलीकडे पोहोचल्या आणि डोक्यावरची न दिसणारी टोपली उतरवायला वाकल्या. आत्यानं पुढे होऊन दोन्ही हात दिले, उतरवून घेतली आणि माझ्या पायरीवर ठेवली. मग चांगुणाबाईंना बसवलं. आत्याचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता, नव्या सुनेसारखा झाला होता.

चांगुणाबाईंनी इकडे-तिकडे बघितलं. मग आत्याच्या तोंडाकडे बघितलं, नीट, बराच वेळ. अनोळखी माणसाशी बोलतात तशा अदबीनं त्यांनी विचारलं, "बाय, आमची हौसा कुठं हाय गो? तिचा चहा निवतोय."

मी आत्याकडे बघायचं टाळलं. रोज चार वाजता, तीन वर्षं, ऊन-पावसात. आणि हा प्रश्न तिला नवा नसणार, हे मला तिनं ज्या सहजपणे उत्तर दिलं त्यावरून कळलं.

"येल ती," आत्या म्हणाली. "खालच्या शेतात गेलीय. तवर तू बस माझ्याजवल."

चांगुणाबाई जरा सरकल्या आणि तिला पायरीवर जागा करून दिली. दोघी शेजारी शेजारी बसून राहिल्या, समोरच्या रस्त्याकडे बघत. त्यांच्या डोळ्यांवर ऊन येत होतं, म्हणून मी शटर अर्धं खाली ओढलं आणि आत जाऊन राहिलेली पानं प्रिंटला लावली.